रोबिनियाचे कोंब

मंगळावरच्या वस्तीत, काचेच्या घुमटाखाली, पिकाखेरीज काहीही लावायला बंदी होती. तरी द्वारकाबाई खरातांनी रोबिनिया या काटेरी झाडाचं बी तिथल्या निर्जीव मातीत रुजवलं. तीन वर्षांत त्याच्या मुळांनी माती कसदार केली आणि शेजारच्या वाफ्यात पहिल्यांदाच गव्हाने ओंब्या धरल्या.

प्रशासक करवत घेऊन आला. "नियम म्हणजे नियम. बाजूला व्हा, बाई."

"होते. पण साहेब, हे तोडलंत तर मुळांतून दहा फुटतील."

त्याने झाड कापलं. द्वारकाबाईंचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

महिनाभरात सत्तावीस कोंब वर आले. प्रशासक पुन्हा करवत घेऊन निघाला, तर प्रत्येक कोंबापाशी एकेक बाई ठाण मांडून बसलेली. पहिल्याच कोंबापाशी त्याची बायको होती.