नावानं हाक

"पाहुण्याइसमोर तिले नलूच म्हणजो," चहाचं आधण ठेवता ठेवता शीलानं लेकीला, मैत्रेयीला बजावलं. "घरचं बोलणं घरात. अन् शेकाचं तर नावच काढू नको."

मागे बसून नलू मैत्रेयीची वेणी घालत होती. बोटं एकदाही चुकत नव्हती. आज वार कोणता, हे मात्र ती सकाळपासून सारखं विचारत होती. शीलानं तिला नवा फ्रॉक घातला होता, विरळ केसांना रिबीन बांधली होती. फ्रॉक नलूला आवडला नव्हता.

आठव्या वर्षी नलूच्या मेंदूतली गाठ काढली. मग नागपूरला डोक्याला आणि पाठीला यंत्राच्या किरणांचे शेक दिले. पोर वाचली. शिकणं, वाढणं, सगळं आता सावकाश होईल, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. नलू रोज अक्षरं गिरवायची आणि रोज विसरायची.

कापसाचा भाव पडल्यापासून घाटंजीत लग्नाचे मांडवच दिसेनासे झाले होते. बाप उकंडा कामाला जायचा ते सरकी काढायचं जिनही बंद होतं. अशात महागावच्या मास्तराचं स्थळ आपणहून आलं होतं. मैत्रेयीची अट एकच, नलू माझ्यासोबत येईल.

"ते मांडव उतरल्यावर बोलू," शीला म्हणाली होती.

पाहुणे आले. जयभीम झाले. मास्तर अश्वजित कोपऱ्यात टेकला, त्याची आई इंदुताई ऐसपैस बसली. नलू चहाचा ट्रे घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध थांबली. पुढं काय करायचं, ते तिच्या डोक्यातून गेलं होतं.

"नलू, इकडं दे," मैत्रेयी म्हणाली.

नलूनं पाहिलं नाही.

"नलू!"

या नावाची दुसरीच कोणी आली की काय, अशी ती दाराकडं बघू लागली.

"चहा थंडा करून देतं का वं?" इंदुताई हसली. तिनं नलूला जवळ ओढलं. "मोठी गोड पोरगी हाय. कोणत्या वर्गात हायेस, बाई?"

नलूचे ओठ हलले. शब्द येईना.

"पाचवीत," शीला घाईनं म्हणाली. "लाजाळू हाय."

"मंग करवली ठरली आमची!" अश्वजित म्हणाला. सगळे हसले.

नलूही हसली, सगळे हसतात म्हणून. ट्रे अजून तिच्याच हातात होता.

मैत्रेयी उठली. आईनं डोळे वटारले, तिकडं तिनं पाहिलं नाही. ट्रे खाली ठेवला आणि नलूच्या केसांतली रिबीन हळूच सोडली.

"ये, माह्यापाशी बस," ती म्हणाली. "अन् सांग पाहुण्याइले, मले बोट धरून चालाले कोणं शिकवलं. सांग, ताई."