ओल्या पावलाचा ठसा

सगुणा न्हाणीतून बाहेर आली, की सून वेदिका दोरा घेऊन तिच्या ओल्या पावलावर वाकलेली दिसायची. "काय गो करतंस?" विचारलं की दोरा मुठीत जायचा.

"काही नाही, आई."

दुसऱ्याच्या पावलाचा ठसा माणूस कशाला घेतो, हे सगुणाला चांगलं ठाऊक होतं. करणी करायला.

तिसऱ्या दिवशी न्हाणीबाहेर कोरा पुठ्ठा पसरलेला होता. सगुणाने लांब टांग टाकून तो ओलांडला. तेवढ्यात आवडाबाई आली. तीस वर्षं दोघी जेटीवर शेजारी बसून मासे विकत होत्या. सगुणा जरा घुटमळली. पण करणी कुणाला तरी लागणारच होती.

"आवडे, आधी न्हाणीत पाय धू, मग आत ये."

आवडाबाई पुठ्ठ्यावर ठळक पाऊल उमटवून आत आली. दुपारी पुठ्ठा गायब झाला.

आठ दिवसांनी वेदिकाने सासूपुढे खोका उघडला. आत निळे स्पोर्ट शूज. "आई, तुमच्या टाचा दुखतात ना? विचारलं असतं तर तुम्ही 'चपलाच बऱ्या' म्हणाला असतात, म्हणून गुपचूप माप घेतलं. घाला, तळ अगदी मऊ आहे."

सगुणाने पाय घातला. टाचेमागे दोन बोटं जागा उरली.

"बघू गो," म्हणत ओटीवर बसलेल्या आवडाबाईने ते शूज चढवले, चार पावलं चालली आणि हरखून वळली.

"सगुणे, माझ्याच मापाचे कसे गो?"