एक कडक

"पप्पा, आज कंपनीतल्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही," वर्षालीने तिसऱ्यांदा बजावलं.

नवनाथ दुधाचे कॅन स्कूटरला बांधत होता. "न्हाई बोलत, बाई. तुझं ऐकलं न्हाई असं कधी झालंय का?"

झालं होतं, बऱ्याचदा. पण रहाटणीहून चाकण गाठायचं म्हणजे पहाटे भांडायला दोघांनाही सवड नव्हती.

गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटसमोर नवनाथची बारा वर्षांपासून चहाची टपरी होती. साखर कमी, पत्ती जास्त. तिथे कुणी चहा मागत नसे, नुसतं 'एक कडक' म्हणत. त्याच कंपनीत आज वर्षालीची मुलाखत होती. ट्रेनी अकाउंटंटची जागा एक आणि बोलावलेले सव्वीस. ऑर्डरी घटल्यापासून सगळीकडे माणसं कमी करणं चाललं होतं, नवीन घेतो कोण?

बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं होतं आणि सात ठिकाणी नकार पदरात पडला होता. आकुर्डीला तर लेखी परीक्षेत ती पहिली आली आणि खुर्चीवर बसला कुणाचा तरी भाचा. त्या दिवशी घरी येऊन तिने जाहीर केलं, उपाशी राहीन, पण वशिल्याची नोकरी करणार नाही. नवनाथने नुसती मान हलवली होती. लेकीच्या हट्टाचंही कौतुक असणारा बाप तो.

ती मुद्दाम वेगळी, बसने गेली. गेटपाशी उतरते तर काय, टपरीवर एक चष्मेवाले गृहस्थ हातात ग्लास घेऊन उभे आणि पप्पा त्यांच्यापुढे हात जोडून.

"पोरीचं तेवढं बघा, साहेब..."

पुढचं एका कंटेनरच्या हॉर्नमध्ये बुडालं. वर्षालीच्या अंगाचा तिळपापड झाला. टपरीकडे न बघता ती तडक आत गेली.

मुलाखत घ्यायला तेच चष्मेवाले. अनंत साहेब, अकाउंट्सचे प्रमुख. बाकीचे उमेदवार दहा-दहा मिनिटांत बाहेर येत होते. वर्षालीला त्यांनी पाऊण तास धरून ठेवलं. जीएसटी झालं, घसारा झाला, बँकेचा मेळ झाला. मग म्हणाले, "आता कॉम्प्युटर बंद करा. हेच कागदावर करून दाखवा."

तिने करून दाखवलं.

"एक चूक आहे," साहेब म्हणाले. कुठे ते सांगेनात. "शोधा."

तिने शोधली. हे सगळं नाटक आहे, हे तिला कळत होतं. वशिला लपवायचा तर थोडं घासून घेतल्यासारखं दाखवायलाच हवं. त्या संतापात एक मात्र झालं. दर मुलाखतीत तिची जीभ टाळूला चिकटायची, ती आज चिकटली नाही. उत्तरं फाडफाड आली.

चार वाजता साहेबांनी तिला पुन्हा आत बोलावलं. "सोमवारपासून या."

वर्षभर ती याच दोन शब्दांसाठी झुरली होती. तिला पप्पांचे सुजलेले पाय आठवले, दिवसभर स्टोव्हपुढे उभे असणारे. डोळे भरून आले. हो म्हणावंसं फार वाटलं.

"सर, मला ही नोकरी नको."

"का हो?"

"सकाळी माझे वडील तुमच्याशी बोलले. मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांचा राग नाही, सर. माझ्यासाठी त्यांनी कुणापुढेही हात जोडले असते. पण चहाच्या ओळखीवर मला इथे बसायचं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोलले खरे. मी नाही म्हणणार नाही. आणि मी त्यांचा शब्द पाळलाही."

वर्षाली पर्स उचलून उठली.

"थांबा. बाकीच्यांना मी किती प्रश्न विचारले, ठाऊक आहे? आठ. आणि तुम्हाला?"

"मोजले नाहीत."

"एक्केचाळीस. घसा सुकला माझा." साहेबांना हसू आवरेना. "सकाळी ग्लास हातात देताना तुमचे वडील म्हणाले, 'पोरीचं तेवढं बघा, साहेब. बारा वर्सं तुमाला कडक चहा पाजला, तिची मुलाखत बी तशीच घ्या.'"