फुटला की फोडला

“आग लागली,” साहेब म्हणाले. “पुढे लिहा, दुर्दैवाने मागच्या दाराला कुलूप राहिलं आणि आमच्या नऊ भगिनी गेल्या.”

साहेबांच्या बंगल्यावर बसून वकिलांनी लिहून घेतलं. मेलेल्या बायकांचे नातेवाईक शिलाई कारखान्याच्या फाटकाबाहेर बसले होते. त्यांना हे निवेदन वाचून दाखवायचं होतं.

कुलूप राहिलं म्हणे! ते साहेबांनी स्वतः लावलं होतं आणि किल्ली खिशात टाकली होती. या बायका सारख्या बाहेर पळतात, कापड लांबवतात. शिस्त नको? कारखाना नीट चालला तर पगार त्यांनाच मिळणार ना? असा हिशेब मनाशी मांडला की साहेबांना शांत झोप लागे.

“शेवटी हेही घाला. हा कारखाना मी उभा केला. शेकडो घरांतल्या चुली मी पेटवल्या.”

चांगलं तेवढं साहेब करत. वाईट आपलं आपण होई.

तेवढ्यात खळकन आवाज झाला. चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकाच्या मावशींच्या हातून कप निसटला होता. त्या नऊ जणींत मावशींची भाची होती. तिला कारखान्यात साहेबांनीच चिकटवलं होतं आणि ते उपकार कालही बोलून दाखवले होते.

“कप फुटला, साहेब,” मावशी पुटपुटल्या.

“फुटला?” साहेब कडाडले. कप त्यांच्या वडिलांचा होता. “कप काय आपोआप फुटतो? फोडला म्हणा, मावशी! केलं की केलं म्हणावं माणसाने. त्यात लाज कसली?”

“फोडला, साहेब. मी फोडला.”

“हां, असं!” साहेबांचं समाधान झालं. त्याच तोऱ्यात ते वकिलांकडे वळले. “कुठे होतो आपण? मागच्या दाराला कुलूप मी लाव...”

वकिलांचं पेन थबकलं. साहेबांनी घसा खाकरला.

“राहिलं. कुलूप राहिलं, असंच असू द्या.”

मावशींनी सगळे तुकडे पदरात वेचले. मग त्या उठल्या आणि ते तुकडे त्यांनी साहेबांपुढच्या निवेदनावर ओतले.

“कप मी फोडला,” त्या म्हणाल्या. “आता माझी भाची मेली की मारली, तेवढं तुम्ही सांगा.”