रुमालाची जागा

जहाजावर स्विमिंग पूलच्या काठाला दोनच आरामखुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर मी बसले, दुसरीवर यांचा रुमाल टाकला. हे एसटीत कंडक्टर होते. खिडकीतून रुमाल पडला की जागा त्याची, हे आमच्याकडे कोणी मोडत नाही. ऑपरेशनपासून यांच्या गुडघ्याला उभं राहणं सोसत नाही. नाश्ता करून काठी टेकत हळूहळू येणार होते.

पाऊण तास गेला. एक बाई आल्या, खांद्यावर झोपलेलं नातवंड.

"आजी, इथं कोणी आहे का?"

"आमचे हे येताहेत."

"कधीपासून?"

समोर पाटी होती, हिंदीतसुद्धा. अर्ध्या तासाहून जास्त खुर्ची अडवू नये. साठीत साक्षरता वर्गाला गेले, तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचते. ही तर सकाळीच वाचली होती. त्याआधी जन्मभर 'मला वाचता येत नाही' म्हटलं की लोक सोडून द्यायचे. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं.

मी रुमाल उचलला. "बसा."

थोड्या वेळानं हे धापा टाकत आले. "माझी जागा कुठंय?"

मी पाटी दाखवली. "नियमात गेली."

"अगं, वाचता येत नाही म्हणायचं!"

"येतं ना आता."

हे पाटीकडे बघत काठीवर रेलून उभे राहिले.

"चूक माझीच," म्हणाले. "वर्गात तुझं नाव मीच घातलं. सरक तिकडं."