‘रिंग’चे दोन अर्थ

संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात सगळे विद्यार्थी नोकरी-धंदा करणारे. मॅडमनी फळ्यावर ‘रिंग’ लिहिलं आणि अर्थ विचारले.

बेकरीवाला लगेच उठला. “नाम असेल तर अंगठी. क्रियापद असेल तर फोन करणे.”

“छान. फोन करण्याला दुसरा शब्द?”

“कॉल,” असं म्हणून तो ऐटीत खाली बसला.

पहिल्या बाकावरच्या नर्सबाईंनी मागे वळून पाहिलं. बेकरीवाला त्यांना रोज फोन करतो, तासभर गप्पा मारतो आणि मुद्द्याचं बोलायची वेळ आली की हवापाण्यावर घसरतो, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं.

“मॅडम, एक शंका आहे,” त्या म्हणाल्या. “एखादा माणूस दोन वर्षं नुसतं क्रियापदच वापरत असेल, तर तो नामावर कधी येणार?”

वर्गात खसखस पिकली. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “हे व्याकरणात नाही हो. त्यालाच विचारा.”

बेकरीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो चाचरत उभा राहिला.



“मॅडम, बोटाचं माप इंग्रजीत कसं विचारतात?”