आडवा मंडप

देवतळे वकिलांनी गाडी चौकातच सोडली आणि ते तेरवीला चालत आले, कारण महाल भागातली ती गल्ली मंडपाने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरली होती.

विक्कीने त्यांना पंगतीत बसवलं आणि वाढता वाढता शेजारच्या बारापात्र्यांचं सगळं सांगितलं. त्यांच्या पोरीच्या लग्नाचा मंडपही असाच आडवा होता. विक्कीच्या बाबांना दवाखान्यात न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स मंडपाबाहेर खोळंबली आणि बाबा घरातच गेले.

"म्या हात जोडले, साहेब. तर मले म्हणते, 'थांब गा जरासा. भरल्या पानावरून माणसं कशी उठवू?' त्याले मी सोडत नाही."

"रस्ता अडवल्यामुळे माणूस गेला तर भरपाई मागता येते," वकील वरणात भात कालवत म्हणाले. "फक्त तो जे बोलला ते कोर्टात जसंच्या तसं सांगा."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायरन वाजू लागला. मंडपामागच्या घरातल्या मेघाला कळा सुटल्या होत्या. पंगतीतले हात थबकले. कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"विक्की, तुह्या बाबाच्या नावाचं जेवण हाय. कोणी अर्धपोटी उठलं नाही पाहिजे."

विक्कीने वरणाची बादली खाली ठेवली. मुंडन केलेल्या डोक्यावरचा घाम पुसत तो मंडपाबाहेर गेला आणि ड्रायव्हरसमोर हात जोडून उभा राहिला.

"थांब गा जरासा," तो म्हणाला. "भरल्या पानावरून माणसं कशी उठवू?"